टाकीच्या रानातला दंडवत

"आजोबा, शाल काढून ठेवता का? लाल रंगाला पक्षी बुजतात," केतकी मगदूम म्हणाली.

नरहरबुवा मालगावकरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या शालीकडं, आणि गळ्यात अडकवलेली पत्र्याची पाटी पुढं ओढली. ही शाल कोणत्या उत्सवात, कोणाच्या हस्ते, कोणत्या आख्यानावर खूश होऊन मिळाली, हा सगळा वृत्तान्त लिहायचा त्यांचा बेत होता. पण बुवांचं अक्षर त्यांच्या कीर्तनासारखंच ऐसपैस. ‘सदर शाल आम्हांस’ एवढ्यातच पाटी भरली. ती पुसून पुढचं लिहीपर्यंत ती मुलगी कुणाच्या तरी पिवळ्या टोपीकडं वळली होती. मी शालीची घडी करून पिशवीत घातली. बुवांनी नव्यानं लिहिलं, ‘श्रोता मुजोर आहे.’

"बुवा, इथं श्रोते आपण आहोत," मी म्हणालो.

हे त्यांना मुळीच पटलं नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या मिरजेत जुन्या पाण्याच्या टाकीमागं एक रान होतं. टाकी बांधली तेव्हा ते गावाबाहेर होतं म्हणे. पुढं गाव चहूकडून वाढत गेलं आणि सगळी पंगत उठून गेल्यावर एखादा पाहुणा पाटावर तसाच बसून राहावा तसं ते रान मधे राहिलं. अलीकडं दाट झाडी, पलीकडं उघडं गवताचं कुरण. केतकी कॉलेजात गवतांचा अभ्यास करायची आणि रविवारी सकाळी तिथं लोकांना फिरवून झाडं-पक्षी दाखवायची. ‘निसर्गफेरी : मौन पाळणे आवश्यक’ अशी तिची चौकट पेपरात आली, ती बुवांच्या पत्नी अन्नपूर्णावहिनींनी वाचली, आणि देवानंच धाडल्यासारखी कापून माझ्या दुकानात आणून दिली.

माझं देवांच्या तसबिरी मढवायचं दुकान. पण ते पोटासाठी. बाकी सगळा जन्म बुवांच्या मागं उभं राहण्यात गेला. कीर्तनात बुवा पुढं उभे, मी मागं झांज धरून. बुवा पद म्हणत म्हणत चरणाचा शेवट सोडून द्यायचे आणि तो मी उचलून धरायचा, म्हणजे तेवढ्यात त्यांना श्वास घेता येतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही आणि आपण पुढंही पळायचं नाही. इतकी वर्षं करून करून माझी अशी गत झाली होती की बायको ‘भाजी काय आणायची’ म्हणाली तरी मी ‘आणायचीऽऽ’ म्हणून धरायचो.

तर त्या माघात दत्ताच्या देवळात आख्यान रंगात आलं असताना बुवांचा आवाज चिरला. आम्हाला वाटलं, भाव दाटून आला. भजनी मंडळाच्या मालुताईंनी डोळ्याला पदरसुद्धा लावला. दुसऱ्या दिवशी कळलं, भाव वगैरे काही नाही, घसा आहे. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. रामनवमीच्या आधी मी पुन्हा तपासेन, तोवर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर कापाव्या लागतील. "आणि कापल्यावर बोलाल तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "गाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

रामनवमीचं कीर्तन बुवांच्या आजोबांपासून त्यांच्या घराकडं चालत आलेलं. बुवांना मूलबाळ नाही. तो आवाज गेला की तिथंच संपलं, हे त्यांना कळत होतं, वहिनींना कळत होतं, मलाही कळत होतं. तरी बुवा गप्प बसेनात.

वहिनी दुकानात बसून मला सांगत होत्या. दुधवाल्याशी बोलतात. पोस्टमनला हाक मारतात. देवळात पाठवायची सोय नाही, घंटा वाजली की तोंड उघडतं. "आणि भावजी, न्हाणीघरात नळ सोडून आरती म्हणतात. इतक्या वर्षांच्या संसारात मला नळाचा आवाज आणि यांचा आवाज वेगळा कळत नसेल का?" मग चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं न्या त्यांना. चिमण्या काही ‘बुवा, बरे आहात ना’ असं विचारत नाहीत. आणि तोंड उघडलंच तर सरळ हात ठेवा तोंडावर. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घालून त्या गेल्या. मी तसबिरीतल्या मारुतीकडं पाहिलं. त्यालासुद्धा असलं काम कुणी सांगितलं नव्हतं.

चिमण्यांचा अंदाज बरोबर होता, माणसांचा चुकला. फाटकापाशी बघतो तर मालुताई निम्मं भजनी मंडळ घेऊन हजर. त्यांनी बुवांना रानाच्या फाटकातच वाकून नमस्कार केला. आणि त्यांच्या मागं, दुधी भोपळ्याएवढं भिंग लावलेला कॅमेरा छातीवर घेऊन, बँकेतले निवृत्त हुद्दारसाहेब उभे होते. त्यांनी नमस्कार केला नाही. बुवांनीही नजर वळवली.

या दोघांचं जुनं होतं. पूर्वी एका रामनवमीला, जन्माची वेळ अगदी जवळ आलेली, गर्दी श्वास रोखून बसलेली, आणि पहिल्या रांगेतून हुद्दारसाहेब उठले. कीर्तनातून कुणी मधेच उठलं की बुवांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी हात वर करून झांज थांबवली आणि गादीवरून म्हणाले, "बसा साहेब. बँक उद्याही उघडेल, रामजन्म एकदम पुढच्या वर्षी." देऊळ हसून हसून लोटपोट झालं. हुद्दारसाहेब त्या हशातूनच बाहेर गेले, ते पुन्हा देवळाची पायरी चढले नाहीत. बुवा मात्र हा किस्सा नंतर कीर्तना-कीर्तनातून सांगायचे. ‘एकदम पुढच्या वर्षी’ला मी मागून झांज द्यायचो आणि हशा ठरलेला असायचा.

बुवांनी पाटी माझ्यापुढं धरली. ‘हा इथूनही उठेल, बघ.’

"इथं सगळे उभेच आहेत, बुवा," मी हळूच म्हटलं.

फेरी निघाली. केतकी चांगली मुलगी होती आणि तिला पुष्कळ येत होतं, पण सांगण्याची रीत अशी की ऐकणाऱ्याला वाटावं आपण चुकून परीक्षेला बसलो. मान खाली, नजर पायाशी, एका दमात झाडाचं लॅटिन नाव, कूळ, फुलोऱ्याचा प्रकार, आणि दम संपला की पुढचं झाड. करंज झाला, कडुनिंब झाला, काटेसावरीला तांबडीलाल फुलं लगडली होती, तिच्यावर मैनांचा नुसता बाजार भरला होता, तीही एका वाक्यात झाली. माणसं पांगायला लागली. मालुताईंनी हलक्या आवाजात नणंदेचं ऑपरेशन काढलं. हुद्दारसाहेबांनी दोनदा विचारलं, मोर कुठं असतो. ती म्हणाली, इथं मोर नाहीत. मग ते म्हणाले, मग आहे काय? ती आणखी भरभर बोलायला लागली.

मी बुवांकडं पाहिलं आणि मला धास्तीच वाटली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. सभा फुटताना पाहणं त्यांना सोसत नाही, मग ती दुसऱ्याची का असेना. ते तिच्या बाजूबाजूनं चालायला लागले, हातानं खुणा करायला लागले, सावकाश, सावकाश, वर बघ. तिला वाटलं आजोबांना पाणी हवंय. तिनं बाटली दिली. बुवांनी पाटीवर मोठ्ठं ‘श्वास’ लिहून तिच्यासमोर नाचवलं. ती घाबरून म्हणाली, "काका, यांना दम्याचा त्रास आहे का?"

"नाही," मी म्हणालो, "कीर्तनाचा आहे."

पुढं शिरीषाचं मोठं झाड आलं. पानं झडलेली, सगळ्या अंगावर वाळक्या शेंगा. नेमकी वाऱ्याची झुळूक आली आणि ते सबंध झाड खळखळ वाजायला लागलं. केतकीनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्याही नकळत ती थांबली, आणि सावकाश म्हणाली, "वारा आला, की याच्या शेंगा अशा वाजतात..."

आता यात माझा काय दोष? ओळ सुटली होती. जमिनीवर पडत होती. मी मागं उभा होतो.

"वाजतातीऽऽ," मी धरलं. चांगलं खणखणीत, वर झांजेचा हात सवयीनं हवेत.

क्षणभर मैनासुद्धा गप्प झाल्या. मग मालुताईंना हसू आवरेना, त्यांच्या मागच्या बायकांना आवरेना, आणि मौन पाळायच्या त्या रानात असला हशा पिकला की दोन खारी झाडावर चढून गेल्या. ज्यांच्यासाठी मौनाचा सगळा खटाटोप, ते बुवा एकटेच तोंड मिटून होते. पोट मात्र गदगदत होतं. मी ‘चुकलं हो’ म्हणून कान धरले. केतकी लाल झाली होती. पण ती म्हणाली, "नाही काका, थांबा. आता मी सांगते ते ऐका," आणि झाडाला हात लावून, त्याच चालीत म्हणाली, "आणि शेंगा वाजल्या, की आम्ही समजतो उन्हाळा आला..."

"आलाऽऽ," या खेपेला मालुताईंनी मंडळासकट धरलं.

तिथून पुढं फेरीला रंग चढला. ती एक वाक्य बोलायची, थांबायची, माणसांकडं बघायची. बुवा तिच्या समोर उभे राहून मांडीवर बोटांनी ताल देत होते, ती घाई करायला लागली की बोटं मंदावत होती आणि तीही. पांगलेली माणसं पुन्हा गोळा झाली. नणंदेचं ऑपरेशन अर्ध्यावर राहिलं. हुद्दारसाहेब एकटे बाजूला, कॅमेऱ्यात डोळा घालून. पण त्यांचेही कान इकडंच होते.

झाडी संपली आणि कुरण लागलं. फाल्गुनातलं गवत, वाळून सोन्यासारखं झालेलं, वाऱ्यावर एकाच बाजूला वळत होतं. केतकी म्हणाली, आता मात्र खरंच गप्प बसायचं. पांगून बसा, आणि नुसतं ऐका.

आम्ही बसलो. बुवांच्या धोतरात कुसळं शिरली, ती काढण्यात त्यांचा थोडा वेळ गेला. मग ते इकडं तिकडं बघायला लागले. मग सुस्कारे टाकायला लागले. आयुष्यभर लोकांना ‘शांत बसा’ सांगितलेला माणूस, स्वतः शांत बसायची वेळ आली तेव्हा गोठ्यातल्या खोंडासारखा चुळबुळत होता. मी हात तयार ठेवला होता.

तेवढ्यात समोरून एक चिमणीएवढा पक्षी सरळ वर उडाला. उंच गेला, आणि वरून शीळ घालत सूर मारून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, जसा कुणी त्याला दोरीनं झोके देतंय. केतकीनं दबक्या आवाजात सांगितलं, हा डोंबारी. डोंबाऱ्यासारख्या कोलांट्या मारतो म्हणून नाव तसं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. हुद्दारसाहेब कॅमेरा आभाळाला लावून उभे राहिले आणि पक्षी जसा सरकेल तसे एक-एक पाऊल सरकायला लागले.

बुवा वर बघत नव्हते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि बोटानं दाखवलं. आमच्यापासून थोड्या अंतरावर एक ढेकूळ, त्याला टेकून गवताचा एक झुपका. मला काही दिसेना. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वळवली. मग दिसलं. मातकट रंगाची डोंबाऱ्याची मादी चोचीत अळी घेऊन तुरुतुरु पळत त्या झुपक्यामागं गेली, आणि तिथं खळग्यातून दोन उघड्या चोची वर आल्या. गळे तेवढे दिसत होते, तांबूस, आ वासलेले. मादी पुन्हा निघून गेली, चोची मिटल्या, आणि तिथं काही आहे असं वाटेनासं झालं. बुवा हे किती वेळ बघत होते कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरची चुळबूळ पार गेली होती.

आणि हुद्दारसाहेब आभाळाकडं डोळा लावून बरोब्बर त्या ढेकळाकडं चालले होते.

केतकी लांब होती आणि तिची इकडं पाठ होती. बुवांनी श्वास घेतला. तो श्वास माझ्या ओळखीचा. बरगड्या रुंदावतात, मान ताठ होते, आणि मग जो आवाज निघतो तो देवळाच्या मागच्या आळीत ऐकू जातो. एकच हाक पुरली असती. एका हाकेनं साहेब जागच्या जागी थांबले असते आणि रामनवमी तिथंच संपली असती. बुवांचं तोंड उघडलं. मी वहिनींची शपथ आठवून त्यावर हात दाबला.

तुम्ही विचाराल, तू का नाही ओरडलास? तुझ्या घशाला काय झालं होतं? घरी बायकोनंही हेच विचारलं. तिला मी जे सांगितलं तेच सांगतो. मी सगळा जन्म ओळ उचलत आलो. पहिली ओळ टाकायची मला सवयच नाही. पुढून काहीतरी यावं म्हणून मी तोंड उघडून वाट बघत राहिलो, आणि पुढच्या तोंडावर तर माझाच हात होता.

बुवांनी माझा हात झिडकारला, उठले आणि धावले. एवढा देहाचा गाडा, पायात धोतराचा घोळ, गळ्यात पाटी आपटतेय. हुद्दारसाहेबांचा बूट त्या झुपक्याच्या अलीकडं उचललेला, आणि बुवांनी झुपका चुकवून, हात जोडून त्यांच्यापुढं अंग टाकून दिलं. सपशेल. साष्टांग. जोडलेले हात डोक्याच्या पुढं, कपाळ मातीत.

आपल्याकडं दंडवत घातलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. पायच उचलत नाही. हुद्दारसाहेबांचा तो बूट हवेतून मागं गेला. त्यांनी कॅमेरा खाली केला आणि पायाशी पाहिलं. ज्यांच्या पायावर अख्खी मिरज डोकं ठेवते, ते नरहरबुवा मालगावकर त्यांच्या पायाशी पडले होते.

लांब बसलेल्या बायका उभ्या राहिल्या. मी पोचलो तेव्हा साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते घाईघाईनं खाली बसले, बुवांचे खांदे धरले.

"बुवा, उठा. हे काय करताय," ते म्हणाले. "किती वर्षं झाली त्याला. मी विसरलो होतो."

बुवांनी मान वर केली. कपाळाला माती, मिशीत कुसळ. त्यांना काही कळलं नव्हतं. मला कळलं.

"नाही, विसरलो नव्हतो," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आईला धाप लागली होती त्या दिवशी. शेजारच्या वहिनी देवळाच्या दारातून मला खुणावत होत्या, म्हणून उठलो. तुम्ही बोललात, आणि ते हसणं गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या मागं आलं. आईनं विचारलं, जन्म झाला का रे? मी म्हटलं, झाला. पाळणा हलवूनच आलो. बरं वाटलं तिला. संध्याकाळी गेली. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही बोलला नसता, एवढं मला कळत होतं. पण तुम्ही कधी विचारायला आला नाहीत, आणि आपणहून सांगायला मी आलो नाही. आज तुम्ही हे असं..."

बुवांचा हात पाटीकडं गेला. खडूचा तुकडा दोरीला बांधलेला होता. तो त्यांनी बोटांत धरला. मी मनात म्हणत होतो, लिहू नका, बुवा, देवाशपथ एक अक्षर लिहू नका. आवाज असता तर बुवांनी केव्हाच सगळा खुलासा केला असता. पक्षी, पिल्लं, ढेकूळ, वर एखादा दृष्टान्त, आणि साहेब ‘असं होय’ म्हणून कपडे झटकून गेले असते.

बुवांनी खडू सोडून दिला. त्यांनी साहेबांकडं नीट पाहिलं, आणि पुन्हा वाकले. या खेपेला फक्त कपाळ, त्यांच्या बुटांवर.

हुद्दारसाहेबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि हळूहळू सावलीकडं नेलं. ते बाजूला झाले तशी मादी परत आली, क्षणभर घुटमळली आणि झुपक्यामागं गेली. केतकीनं ते लांबून पाहिलं. ती पावलं न वाजवता आली आणि खुणेनं सगळ्यांना मागं घेतलं. तिथं घरटं आहे, तिनं कुजबुजत सांगितलं, पिल्लं आहेत, कुणी पुढं जाऊ नका.

हुद्दारसाहेब दचकले. "बघा बुवा," ते म्हणाले, "बरं झालं, आपण वेळेवर बाजूला आलो."

बुवांनी गंभीरपणे मान डोलावली.

केतकीनं ढेकळाकडं पाहिलं, बुवांच्या छातीवरच्या मातीकडं पाहिलं, साहेबांच्या बुटाकडं पाहिलं. हुशार मुलगी. निघताना तिनं बुवांच्या मिशीतलं कुसळ अलगद काढलं आणि म्हणाली, "आजोबा, इतक्या फेऱ्या घेतल्या, पण सांगितलेलं मौन मन लावून पाळणारे तुम्ही पहिलेच."

घरी येताना रिक्षात मला राहवेना. मी म्हटलं, "बुवा, आपल्या दोघांत सांगा. दंडवत तर पिल्लांसाठी होता ना?"

बुवांनी पाटी मांडीवर घेतली. लिहायला पुष्कळ वेळ लावला. रिक्षा हिसके देत होती म्हणून असेल, पण अक्षर एकदम बारीक आलं होतं, अख्खं वाक्य पाटीवर मावलं. ‘पडलो पिल्लांसाठी. उठलो साहेबांसाठी.’ मी वाचल्याची खात्री करून त्यांनी ते धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं.

त्यानंतर न्हाणीघरातला नळ नुसता नळासारखाच वाजायला लागला. दुधवाला हाक मारून कंटाळला. बुवा ओट्यावर बसून असायचे आणि येणारं-जाणारं माणूस काही सांगायला लागलं की ऐकायचे, शेवटपर्यंत. लोकांना त्याची इतकी सवय लागली की संध्याकाळी ओट्यावर जागा मिळेना. बुवांचं ऐकण्याइतकाच बुवांना ऐकवण्यातही आनंद आहे हे गावाला नव्यानंच कळलं होतं. कधीकधी हुद्दारसाहेब यायचे, बुवांसाठी संत्री घेऊन. आईच्या गोष्टी सांगायचे. त्यांनी आणलेली संत्री बुवांना चालत नव्हती, ती मी खायचो.

रामनवमीच्या आधी आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो. रात्रभर मला झोप नव्हती. शर्टाच्या खिशात मी चांदीच्या डबीत बुक्का नेला होता. बुवांच्या तोंडून पहिलं रामनाम निघालं की लावायचा म्हणून. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. डॉक्टरांनी नळी घातली, दिवा लावला, बराच वेळ बघत राहिले. मग दिवा बंद केला.

"गाठी विरल्यात," ते म्हणाले. "बोला आता. काहीही बोला. हळू."

बुवा गप्प.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी डबीवर बोट ठेवून उभा. गाठी विरल्या खऱ्या, पण त्यांच्याबरोबर आवाजही विरला असला तर? वहिनींचा चेहरा बघवत नव्हता.

बुवा वहिनींकडं वळले. आवाज फुटला तो खरखरीत, खोल विहिरीतून पोहरा वर यावा तसा.

"अन्नपूर्णे, परवा तू मला काहीतरी सांगत होतीस," ते म्हणाले. "मधेच थांबलीस. सांग."

मी डबी खिशात ढकलली.

वहिनी आधी बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं? डॉक्टरांसमोर? आणि आता आठवतंय कुठं मेलं." आणि डोळे पुसता पुसता त्यांना आठवलं. माहेरच्या विहिरीचं काहीतरी होतं, त्यातून बहिणीच्या लग्नाचं निघालं, त्यातून बुवांच्या आईंनी एकदा केलेल्या बोलण्याचं, जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नमन नाही, पूर्वरंग नाही, सरळ आख्यानच. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि मग तेही खुर्ची ओढून बसले.

बुवा स्टुलावर बसून ऐकत होते. वहिनी श्वासाला थांबल्या की ते नुसतं "हं" म्हणायचे. एवढंच. मी कान देऊन ऐकलं. ते "हं" अगदी सुरात होतं.